देखणी होती, पळत नव्हती

१९५१ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन या गावी मोटारशर्यती भरल्या होत्या. जनरल मोटर्सचा हार्ली अर्ल त्या पाहायला गेला होता. अर्ल म्हणजे कंपनीच्या सगळ्या गाड्यांचे रूप ठरवणारा माणूस. कॅडिलॅकपासून शेव्हरोलेपर्यंत कोणत्या गाडीला किती क्रोम चढेल, कोणाच्या शेपटीला विमानाचे पंख फुटतील, याचा निवाडा त्याच्या स्टुडिओत होत असे. प्रयोगादाखल बनवलेली 'ल सेबर' ही जेट विमानासारखी दिसणारी गाडी त्याने मिरवायला सोबत नेली होती. पण तिथे त्याचे डोळे खिळले ते परक्या गाड्यांवर. शर्यतीच्या रस्त्यावर वळणावळणांत अंग झोकून देणाऱ्या त्या चपळ, दोन आसनी गाड्या बहुतेक युरोपातून आलेल्या होत्या. महायुद्धावर गेलेल्या अमेरिकन सैनिकांनी इंग्लंडमध्ये एमजी आणि जॅग्वार पाहिल्या होत्या आणि परतताना त्यांचे वेडही बरोबर आणले होते. अमेरिकेपाशी रस्ते होते, पेट्रोल होते, पैसाही होता. जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी तिच्याच भूमीवर होती. आणि त्या कंपनीच्या भांडारात तरुणांना वेड लावील अशी एकही गाडी नव्हती.

डेट्रॉइटला परतल्यावर अर्लने गुपचूप काम सुरू केले. कोणाला वास लागू नये म्हणून कामाचे नाव ठेवले 'प्रोजेक्ट ओपेल'. ओपेल ही जनरल मोटर्सची जर्मन कंपनी, तेव्हा तिच्यासाठी काहीतरी चालले असावे, असे ऐकणाऱ्याला वाटावे. गाडीचा सांगाडा आखायला त्याने रॉबर्ट मॅक्लीन या तरुण अभियंत्याला बसवले. मॅक्लीनने रूढ पद्धत उलटी केली. इंजिन आधी आणि माणसे नंतर अशी मांडणी करण्याऐवजी त्याने मागच्या आसापासून सुरुवात केली. आसाच्या पुढे दोन माणसे बसवली, त्यांच्या पुढे शक्य तितके मागे सरकवून इंजिन ठेवले. दोन आसांमधले अंतर ठेवले १०२ इंच, नेमके जॅग्वार एक्सके १२० इतके. गाडी बुटकी, रुंद आणि जमिनीला बिलगलेली दिसू लागली. पण कंपनीचा खर्च वाचवण्यासाठी आतले सगळे सामान मात्र शेव्हरोलेच्या कुटुंबवत्सल गाड्यांचे घेतले होते. या एका तडजोडीची किंमत पुढे सगळ्यांनाच मोजावी लागली.

बॉडी कशाची करायची हाही प्रश्नच होता. पत्र्याच्या बॉडीचे पोलादी ठप्पे करायला वेळ लागतो आणि खर्चही अफाट येतो. काही शे गाड्यांसाठी तो परवडत नाही. काचतंतू आणि राळ यांपासून बनणारे फायबरग्लास तेव्हा नवे होते. होड्यांना ते चालते हे लोकांना पटले होते, मोटारीला चालेल यावर विश्वास नव्हता. अशातच एक अपघात घडला. कंपनीने चाचणीसाठी एका मोठ्या शेव्हरोलेवर फायबरग्लासची बॉडी चढवली होती. चाचणी चालू असताना ती भरधाव गाडी उलटली. चालकाला काही झाले नाही, आणि बॉडीची जी वाताहत अपेक्षित होती तीही झाली नाही. दारे उघडत होती, बॉनेट उघडत होते. शेकडो पानांच्या अहवालाने जे साधले नसते ते त्या एका कोलांटीने साधले. ओहायो राज्यातल्या अॅश्टाब्यूला इथल्या रॉबर्ट मॉरिसनच्या कारखान्याला पुढे या बॉडीच्या भागांचे कंत्राट मिळाले.

नावासाठीही बराच खल झाला. शेकडो नावे सुचवली आणि नाकारली गेली. कंपनीच्या प्रसिद्धी विभागात मायरन स्कॉट नावाचा एक माणूस होता. तो पूर्वी वृत्तपत्राचा छायाचित्रकार होता आणि लाकडी खोक्यांच्या गाड्यांची मुलांची शर्यत अमेरिकाभर लोकप्रिय करण्याचे श्रेय त्याचे. त्याने शब्दकोश चाळून एका लहान, वेगवान युद्धनौकेचे नाव काढले: कॉर्व्हेट.

१७ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अॅस्टोरिया हॉटेलात जनरल मोटर्सचे 'मोटोरामा' प्रदर्शन उघडले. गोल फिरणाऱ्या मंचावर ती उभी होती: पांढरीशुभ्र, आत लालभडक, पुढे दिव्यांवर तारेच्या जाळ्या आणि जबड्यात क्रोमचे दात. लोकांची झुंबड उडाली. कधी मिळेल, कितीला मिळेल, असे प्रश्न इतके आले की नुसते शोभेसाठी बनवलेले हे वाहन तडकाफडकी विक्रीसाठी बनवायचे ठरले.

त्या गर्दीत त्रेचाळीस वर्षांचा एक अभियंता उभा होता. झोरा आर्कस-डंटॉव्ह. जन्म ब्रसेल्सचा, आईवडील रशियन ज्यू, बालपण क्रांतीच्या धगीत होरपळणाऱ्या पेट्रोग्राडचे, शिक्षण बर्लिनचे. नावातला जोडही आयुष्यासारखाच: आर्कस जन्मदात्या पित्याचा, डंटॉव्ह आईच्या दुसऱ्या नवऱ्याचा. महायुद्धात तो फ्रेंच वायुदलात भरती झाला, फ्रान्स कोसळल्यावर पत्नी एल्फीसह निसटला आणि पोर्तुगालमार्गे न्यूयॉर्कला पोचला. तिथे भावासोबत त्याने फोर्डच्या व्ही-८ इंजिनावर बसणारी 'आर्डन' नावाची नवी डोकी बनवली. ती इंजिनाची ताकद भरमसाट वाढवत, पण व्यवसाय बसला. लेखकाला विचाराल तर या गोष्टीतला सर्वांत मोठा योगायोग हाच, की असा माणूस नेमक्या त्या दिवशी, त्या दालनात होता.

डंटॉव्हला गाडी विलक्षण आवडली. इतकी सुंदर गाडी आपण पाहिली नाही, असे तो पुढे सांगत असे. पण तिच्या आत काय आहे हे कळल्यावर तो हिरमुसला. बॉनेटखाली शेव्हरोलेचे जुने, सरळ रांगेतले सहा सिलिंडरचे इंजिन होते. तीन कार्ब्युरेटर लावून त्याला १५० अश्वशक्तीपर्यंत ओढले होते. त्याला जोडलेला गिअरबॉक्स दोनच गिअरचा आणि स्वयंचलित, आजीने बाजाराला नेण्याच्या गाडीत शोभेल असा. त्याने शेव्हरोलेचा मुख्य अभियंता एड कोल याला पत्र लिहिले. गाडीची स्तुती केली, आपली नोकरीची इच्छा कळवली आणि सोबत स्वतःचा एक तांत्रिक निबंध जोडला. कोलने त्याला बोलावून घेतले. १ मे १९५३ रोजी डंटॉव्ह शेव्हरोलेत रुजू झाला. जून महिन्यात तो ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत अॅलार्ड कंपनीची गाडी चालवायला फ्रान्सला गेलाही. नव्या नोकरीत महिनाभरात असे करणारा माणूस कोणत्याही साहेबाला रुचत नाही आणि त्यालाही तसाच अनुभव आला.

इकडे मिशिगनमधल्या फ्लिंट गावी ग्राहकांना गाड्या सुपूर्द करण्याच्या एका गॅरेजमागे तात्पुरती जुळणी-रांग मांडली होती. ३० जून १९५३ रोजी तिथून पहिली कॉर्व्हेट बाहेर पडली. बॉडी चाळीसहून अधिक तुकडे चिकटवून, घासून, हाताने जुळवलेली. कारागीर सारे पत्र्याच्या कामात मुरलेले, आणि पत्र्याचे सारे अंगवळणी पडलेले ज्ञान इथे निरुपयोगी. पत्र्याच्या गाडीत बॅटरीकडे परतणारी वीज बॉडीतूनच जाते. फायबरग्लासमधून ती जात नाही. तेव्हा दिव्यांपासून सगळीकडे वेगळ्या तारा ओढाव्या लागल्या. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर पत्रा अडवतो, काचतंतू अडवत नाहीत. म्हणून रेडिओ ऐकू यावा यासाठी ठिणगीच्या तारांना धातूची आवरणे घातली. रेडिओची एरिअल म्हणून तारेची जाळी डिकीच्या झाकणात दडवली. हे शेवटचे शहाणपण होते, बाकी सारी निकड.

वर्षभरात ३०० गाड्या बनल्या. सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. कंपनीने त्या निवडक बड्या लोकांनाच द्यायचे ठरवले आणि तिथेच घात झाला. बड्या लोकांनी फेरफटका मारला आणि तोंडे वेंगाडली. किंमत ३,४९८ डॉलर, आणि दाराला बाहेरून मूठ नाही, खिडकीला वरखाली होणारी काच नाही. पावसात प्लास्टिकचे पडदे दारावर खोचावे लागत आणि तरी पाणी आत येई. एवढे सोसून वेग हवा म्हटले, तर युरोपीय गाड्यांशी ही टक्कर देऊ शकत नव्हती. ऐशआराम हवा म्हटले, तर शेजाऱ्याची साधी शेव्हरोले अधिक उबदार होती. त्या ३०० गाड्याही वर्षअखेरीपर्यंत सगळ्या खपल्या नाहीत.

१९५४ साली काम सेंट लुईसच्या मोठ्या कारखान्यात हलले. वर्षाला दहा हजार गाड्यांची तयारी होती. बनल्या ३,६४० आणि त्यातल्या हजारांहून अधिक पडून राहिल्या. कंपनीच्या वरच्या मजल्यावर कॉर्व्हेट बंद करण्याची भाषा सुरू झाली.

तिला वाचवले ते फोर्डने. हे वाक्य चमत्कारिक वाटेल, पण इतिहास असाच आहे. फोर्डने 'थंडरबर्ड' नावाची दोन आसनी गाडी आणली: व्ही-८ इंजिन, काचेच्या खिडक्या, भरपूर आराम. १९५५ च्या वर्षात ती १६,१५५ बनली, कॉर्व्हेट अवघ्या ७००. डंटॉव्हने हे येणारे संकट आधीच ताडले होते. १५ ऑक्टोबर १९५४ रोजी त्याने कोल आणि आपला वरिष्ठ मॉरिस ओली यांना टिपण लिहिले. त्याचा मथितार्थ असा: आज आपण माघार घेतली तर ती पराभवाची जाहीर कबुली ठरेल, आणि जिथे आपण हरलो तिथे फोर्ड जिंकला तर घाव अधिकच खोल जाईल. तेव्हा गाडी सोडू नका. तिच्यासाठी स्वतंत्र माणसे द्या, तिच्यासाठी जिवापाड झटणारी. ही नुसती विनवणी नव्हती. प्रतिस्पर्ध्याच्या भीतीवर नेमके बोट ठेवणारा डाव होता. कंपन्यांना स्वप्नांपेक्षा शेजाऱ्याची प्रगती जास्त झोंबते हे या निर्वासिताला नोकरीच्या दीड वर्षातच उमगले होते.

त्याआधी, डिसेंबर १९५३ मध्ये, त्याने आणखी एक टिपण लिहिले होते, तरुण आणि हॉट-रॉडवाल्यांविषयी. जुन्या गाड्या विकत घेऊन घराच्या अंगणात त्यांची इंजिने उघडणारी आणि रविवारी सुकलेल्या तळ्यांच्या तळावर त्या पिटाळणारी ही पोरे फोर्डशिवाय दुसरे नाव घेत नाहीत, असे त्याने मांडले. शेव्हरोलेने त्यांच्या हाती ताकदीचे सुटे भाग दिले तरच ती वळतील. मोठ्या कंपनीतल्या गोऱ्यागोमट्या साहेबांना, तेलाने काळे झालेले हात हा ग्राहक असू शकतो, हे रशियन उच्चारांच्या इंग्रजीत कोणीतरी प्रथमच ऐकवत होते.

आणि मग कोलचे इंजिन आले. या माणसाला या कथेत नेहमी दुय्यम जागा मिळते, ते योग्य नाही. अर्लचा नमुना पाहून उड्या मारणारा, डंटॉव्हला नोकरी देणारा आणि शेव्हरोलेचे नवे व्ही-८ घडवून घेणारा तोच. २६५ घन इंचांचे हे इंजिन आकाराने लहान, ओतीव कामात काटकसरी आणि जुन्या सहा-सिलिंडर इंजिनापेक्षा वजनाने हलके होते. १९५५ च्या कॉर्व्हेटमध्ये ते बसवले गेले आणि १९५ अश्वशक्ती बॉनेटखाली आली. बाहेरून खूण एवढीच, की कडेला लिहिलेल्या 'शेव्हरोले' या नावातला 'व्ही' मोठा आणि सोनेरी केला होता. तीन गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्सही त्याच वर्षी काही गाड्यांना मिळाला. खप मात्र सुधारला नाही, कारण विश्वास गमावलेल्या वस्तूच्या आत काय बदलले हे पाहायला कोणी थांबत नाही.

तेव्हा दाखवूनच द्यायचे ठरले. डंटॉव्हने आधी १९५५ च्या सप्टेंबरमध्ये, अजून बाजारात न आलेली १९५६ ची शेव्हरोले मोटार, वेष पालटून, कोलोराडोतल्या पाइक्स पीकच्या घाटावर चढवली. १७ मिनिटे २४.०५ सेकंद: विक्रम. मग त्याने कोलला सांगितले, कॉर्व्हेट ताशी १५० मैलांनी, म्हणजे २४० किलोमीटरहून अधिक वेगाने पळेल. गणित मांडल्यावर कळले की त्यासाठी आणखी सुमारे ३० अश्वशक्ती हवी.

ती आणायची कुठून? इंजिनाच्या झडपा अधिक उंच उघडायच्या, म्हणजे हवा-इंधन अधिक आत येईल, हा सरधोपट मार्ग. पण झडपा उंच उचलल्या की स्प्रिंगांवर ताण येतो आणि जास्त फेऱ्यांना इंजिन अडखळते. डंटॉव्ह वेगळ्या वाटेने गेला. झडपा फार उंच उचलू नका, त्यांना उघडे राहायला अधिक वेळ द्या. झडपा उचलणाऱ्या कॅमशाफ्टवरचे उंचवटे त्याने या हिशोबाने पुन्हा रेखाटले. शेव्हरोलेच्या इंजिन विभागातल्या जाणत्यांना हे पटले नाही. कमी उंच उचलून ताकद कशी वाढेल?

१९५५ च्या अखेरीस अॅरिझोनाच्या वाळवंटात, फीनिक्सजवळच्या जनरल मोटर्सच्या चाचणी मैदानात, हा कॅमशाफ्ट घातलेली एक गाडी उभी राहिली. डंटॉव्हने पाय दाबला. काटा चढत गेला आणि जिथे जुना कॅमशाफ्ट दमला असता तिथेही तो थांबला नाही. इंजिन फेऱ्यांमागून फेऱ्या वाढवत, सुरात, खणखणीत गात राहिले. वेगाची नोंद झाली ताशी १६३ मैल. दोन वर्षे कागदावर, टिपणांत, बैठकांत जे तो सांगत होता ते त्या वाळवंटाच्या सरळ रस्त्यावर काही सेकंदांत सिद्ध झाले. अर्लने बांधलेल्या त्या देखण्या शरीरात दम आहे, हे तिथे प्रथम कळले. तो कॅमशाफ्ट पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

विक्रमाची अधिकृत नोंद डेटोना बीचच्या वाळूवर व्हायची होती. १९५६ च्या जानेवारीत चमू तिथे तळ ठोकून बसला. वाळू ओहोटीनंतर घट्ट होते, पण वारा वाहू लागला की सगळे बिघडते. चाके वाळूत घसरतात, वेग विरून जातो. वाट पाहणे हेच मुख्य काम होते. अखेर एका अनुकूल दिवशी डंटॉव्ह स्टिअरिंगमागे बसला. नियमाप्रमाणे जाऊन आणि येऊन अशा दोन्ही दिशांच्या वेगांची सरासरी काढली जाते. ती आली ताशी १५०.५८३ मैल.

त्याच वर्षीच्या कॉर्व्हेटने रूपही पालटले. कडेला आत वळलेली खोलगट जागा, खिडकीला खरीखुरी काच, दाराला बाहेरून मूठ. डंटॉव्हने चाकांचे कोन आणि मागच्या स्प्रिंगांचे टेकू बदलून गाडीचा स्वभाव सरळ केला. त्याच्या मते आधीच्या गाडीची पुढची चाके एक सांगत होती आणि मागची दुसरेच. मार्चमध्ये फ्लोरिडातल्या सेब्रिंग इथल्या १२ तासांच्या शर्यतीत जॉन फिच आणि वॉल्ट हॅन्सगेन यांची कॉर्व्हेट नववी आली, आपल्या गटात पहिली. युरोपीय मातब्बरांच्या मेळाव्यात नवव्या क्रमांकाला टाळ्या पडल्या त्या यामुळे की ती शेवटपर्यंत टिकली.

मग कंपनीच्या मैदानातल्या एका चाचणीत डंटॉव्हच्या गाडीला अपघात झाला आणि त्याचा मणका मोडला. खांद्यापासून कमरेपर्यंत प्लास्टरचा चिलखती पिंजरा चढला. त्या पिंजऱ्यातही तो कामावर आला. त्या वेळी कंपनी कार्ब्युरेटरऐवजी इंधन मोजून थेट शिंपडणाऱ्या यंत्रणेवर झटत होती. जॉन डोल्झा या अभियंत्याची मांडणी आणि डंटॉव्हचा आग्रह यांतून ती उभी राहिली. १९५७ मध्ये २८३ घन इंचांच्या इंजिनातून तिने २८३ अश्वशक्ती काढली. घन इंचाला एक अश्वशक्ती! आकड्यांची ही जुळवणी जाहिरातवाल्यांना पर्वणीच होती. यंत्रणा नाजूक होती, दुरुस्तीवाल्यांना ती कळत नसे आणि त्या वर्षीच्या ६,३३९ गाड्यांपैकी १,०४० गाड्यांनाच ती बसवली गेली. पण चार गिअरचा गिअरबॉक्सही त्याच वर्षी आला आणि दोन्ही मिळून कॉर्व्हेटची टिंगल कायमची संपली.

इथे कथा संपायला हवी होती. डंटॉव्हला मात्र खरी शर्यतीची गाडी हवी होती, आणि ती ल माँला जिंकायला हवी होती. काही महिन्यांत त्याने 'कॉर्व्हेट एसएस' बांधली: नळ्यांची हलकी चौकट, मॅग्नेशियमची निळी बॉडी. तिच्याआधी चाचणीसाठी एक ओबडधोबड जुळी गाडी बनवली होती, फायबरग्लासची, पांढरी, विद्रूप. मार्च १९५७ मध्ये सेब्रिंगला सरावाच्या वेळी ती जुळी गाडी त्याने जगज्जेत्या हुआन मानुएल फान्जिओला चालवायला दिली. फान्जिओने काही फेऱ्या मारल्या आणि गेल्या वर्षीच्या विक्रमी फेरीपेक्षा वेगवान वेळ दिली. शर्यतपटू स्टर्लिंग मॉसनेही ती चालवून पाहिली. पांढऱ्या खेचराने शर्यतीच्या घोड्यांना मागे टाकले होते.

शर्यतीत उतरली ती मात्र निळी, मॅग्नेशियमची, शेवटच्या घटकेला तयार झालेली. मॅग्नेशियम उष्णता झिरपू देते, जी फायबरग्लासने अडवली असती. चालकाच्या पायाशी भट्टी पेटली. ब्रेक मध्येच जखडत, ठिणगीची कॉइल बिघडली आणि अखेर मागच्या सस्पेन्शनमधला एक बुश तुटला. २३ फेऱ्यांनंतर गाडी बाजूला काढावी लागली. त्याच शर्यतीत विक्रीच्या गाडीसारखीच असणारी एक कॉर्व्हेट मात्र शांतपणे बाराव्या क्रमांकावर येऊन आपला गट जिंकून गेली, हे त्या दिवशी फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे.

उरलेली आशा जूनमध्ये मावळली. १९५५ साली ल माँला प्रेक्षकांत घुसलेल्या गाडीने ८० हून अधिक माणसे मारली होती. त्या दिवशी डंटॉव्ह स्वतः त्या ट्रॅकवर होता आणि पोर्शे चालवून त्याने आपला गट जिंकला होता. त्या अपघाताची सावली मोटार उद्योगावरून हटली नव्हती. १९५७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींपासून दूर राहण्याचे ठरवले. एसएस गुंडाळली गेली.

तिची ओबडधोबड जुळी बहीण मात्र गोदामात उरली. १९५८ अखेरीस अर्ल निवृत्त झाला आणि त्याच्या जागी आलेल्या बिल मिचेलने तो सांगाडा स्वतःच्या खिशातून ५०० डॉलर भरून विकत घेतला. शर्यतींवर कंपनीची बंदी होती. आपल्या पैशाने छंद करायला नव्हती. त्या सांगाड्यावर त्याने एका वेगळ्याच आकाराची बॉडी चढवली. तिच्या धारदार, मधोमध चिमटल्यासारख्या रेषा तरुण पीट ब्रॉकच्या एका रेखाटनातून उगवल्या होत्या आणि लॅरी शिनोडाने त्यांना घडवले होते. गाडीवर कंपनीचे नाव लिहायचे नाही ही अट पाळून 'स्टिंगरे' १९५९ मध्ये शर्यतीत उतरली. दंतवैद्य असलेल्या डिक थॉम्प्सनने ती चालवली आणि १९६० मध्ये आपल्या गटाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. हरलेल्या गाडीची हाडे अशी जिंकून आली.

त्याच साली ल माँलाही कॉर्व्हेट गेली, कंपनीच्या वतीने नव्हे तर धनाढ्य शर्यतवेड्या ब्रिग्ज कनिंगहॅमच्या वतीने. तीन गाड्या. एक अपघातात गेली, एकीचे इंजिन संपले. तिसरी जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन चालवत होते. शेवटच्या तासांत तिचे इंजिन पाणी गमावू लागले, आणि नियमाप्रमाणे ठरावीक फेऱ्यांच्या आत पाणी भरता येत नव्हते. चमूने शक्कल लढवली: पिटमध्ये पेयांसाठी ठेवलेला बर्फ इंजिनाभोवती रचला. फेरी मारायची, यायचे, पुन्हा बर्फ ठासायचा. नियमात बर्फाचा उल्लेख नव्हता. गाडी कण्हत शेवटपर्यंत चालली आणि एकंदर आठवी, तिच्या गटात पहिली आली.

बाजारातही चित्र पालटले होते. १९६० मध्ये पहिल्यांदाच वर्षाला १०,००० चा आकडा ओलांडला. १९६१ च्या गाडीला मिचेलने स्टिंगरेची शेपटी आणि मागे चार गोल दिवे दिले. १९६२ ला ३२७ घन इंचांचे इंजिन, ३६० अश्वशक्तीपर्यंत, आणि १४,५३१ गाड्या. नऊ वर्षांपूर्वीचा मूळ सांगाडा त्या ताकदीखाली आता कुरकुरत होता, विशेषतः मागचा अखंड आस. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही हेलकावे खाई. डंटॉव्हला मागची दोन्ही चाके एकमेकांपासून मोकळी हवी होती. कंपनीचे हिशेबनीस खर्चाचा आकडा दाखवत राहिले, तो आग्रह धरत राहिला.

१९६३ च्या नव्या पिढीत त्याची ती इच्छा पुरी झाली. मिचेलने तिला आपल्या शर्यतीच्या गाडीचे रूप आणि 'स्टिंग रे' हे नाव दिले. मागच्या काचेच्या मधोमध मात्र एक जाड पट्टी ठेवली, कण्यासारखी, आरपार. डंटॉव्हला ते मुळीच सहन झाले नाही. आरशात मागचे काही दिसत नाही, मग गाडी चालवायची कशी? दोघांची चांगलीच जुंपली. मिचेल हटला नाही आणि त्या वर्षी २१,५१३ गाड्या बनल्या. त्यांतल्या कूपे साऱ्या ती पट्टी घेऊनच रस्त्यावर आल्या.

१९६४ च्या गाडीत ती पट्टी नव्हती.